चिन्ह अचूक वाचलं, किंमत मात्र हवेत

जुन्या जपानी पोर्सेलिनचे फोटो पाठवले की ओळख आणि किंमत लिहून देणारी एक ऑनलाइन सेवा वापरली. फी 30 डॉलर. माझ्याकडून पाचापैकी तीन तारे, आणि तेही ओळखीच्या कामाचे.

पाठवली होती ती हॉट चॉकलेटची उंच किटली, लिलावात घेतलेली. अंगावर गुलाब, काठाला सोनेरी ठिपके, तळाला हिरव्या रंगात पानांचं कडं, त्यात 'एम' आणि खाली 'निप्पॉन'. तळाचा माझा फोटो धूसर आला होता. त्यांनी चालवून घेतला नाही, दिवसाउजेडी पुन्हा काढायला लावला. कारण या चिन्हाच्या नकला भरपूर आहेत: कुठे 'एम'च्या जागी वाळूच्या घड्याळासारखा आकार, कुठे कडंच उलटं. माझा 'एम' खरा निघाला, मोरिमुरा बंधूंचा. 1904 साली नागोयाजवळच्या नोरिताके गावात कारखाना काढला तेच हे.

काळ लिहिला 1911 ते 1921. शेवटचं साल इतकं नेमकं कसं, असं मी विचारलं, तर उत्तर झकास आलं. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, म्हणून 'निप्पॉन' आलं. मग 1921 मध्ये तिथल्या कस्टम्सने ठरवलं की हा शब्द जपानी आहे, इंग्रजीत 'जपान' लिहा. झालं, 'निप्पॉन' संपलं.

हातकामाची खात्री कशी करायची तेही सांगितलं, ती मी दहापट भिंगातून करून पाहिली. छापील चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. इथे पाकळीवर कुंचल्याचा फराटा दिसतो. टेकला तिथे रंग दाट, उचलला तिथे विरळ. आणि मुठीवरचं सोनं नेमकं अंगठा बसतो तिथेच झिजलंय. हे बघताना अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

किंमत मात्र 180 ते 220 डॉलर! मी हरखले. मग शंका आली म्हणून किटली टिचकीने वाजवली. खणखणीत नाही, बद्द आवाज. उजेडात फिरवली तर तोटीच्या बुडाशी केसाएवढी चीर. त्यांच्या अर्जात चीर, टवका, जोडकाम यांबद्दल एकही रकाना नव्हता, आणि मीही आधी वाजवली नव्हती, हे कबूल. कळवल्यावर नवा आकडा आला: 60 ते 80. त्यात आणखी एक गंमत, पहिला आकडा विम्यासाठीचा होता! विकायला गेल्यावर तेवढे मिळतच नाहीत. हे अहवालात कुठेही लिहिलेलं नव्हतं, मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. फी परत मागितली, ती मिळाली नाही.

माझ्याकडे एक सोनेरी वाडगाही आहे, तळाला वर्तुळात फुली. तोही पाठवणार होते. दिव्यासमोर धरला, तर पातळ पोर्सेलिनमधून येतो तसा उजेड जराही पार येईना. झिलईवर बारीक तड्यांचं जाळं. म्हणजे सात्सुमा या जपानी पद्धतीची मातीची वस्तू, पोर्सेलिन नव्हेच. 30 डॉलर वाचले.