जुन्या गाडीच्या एसीसाठी घेतलेला मल्टीमीटर: उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचा अनुभव

मार्चमध्ये घेतलेला हा साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजणारे यंत्र) नागपूरचा अख्खा उन्हाळा आणि नंतरचा पावसाळा माझ्या जुन्या हॅचबॅकच्या एसीमागे राबला आहे, त्यामुळे त्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

गाडीचे दुखणे असे होते की सकाळी एसी उत्तम चाले, पण भर दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत गाडी रखडली की गरम हवा येऊ लागे. गॅरेजमध्ये एकच उपाय ठरलेला होता, तो म्हणजे गॅस भरणे. गॅस खरोखरच कमी असता तर सकाळचा गारवाही मंदावला असता, हे कुणी लक्षात घेत नव्हते.

मीटर लावल्यावर उलगडा झाला. इंजिन चालू आणि एसी चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट दिसत होते, तर कॉम्प्रेसरच्या क्लचच्या (विद्युतचुंबकाने चकती ओढून कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या भागाच्या) जोडावर जेमतेम ११. क्लचकडे जाणारी वायर एसी बंद करून तपासली तेव्हा मीटरने ती सलग असल्याचा खणखणीत बीप दिला होता. पण त्या बीपवर विसंबू नये, कारण तुटत आलेल्या तारेचा एक धागा शाबूत असला तरी तो वाजतो. भार चालू असताना, गाडी तापलेली असतानाच व्होल्टेज कुठे गळते ते पाहावे लागते. रिलेच्या, म्हणजे क्लचची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या, ३० (वीज आत) आणि ८७ (वीज बाहेर) या टोकांवर मीटरचे प्रोब ठेवले, तर दोन व्होल्टहून अधिक गळती तिथेच निघाली. रिले उघडून पाहिला तेव्हा आतले कॉन्टॅक्ट काळेठिक्कर पडले होते. उरलेली गळती क्लचची अर्थिंगची वायर गाडीच्या धातूला जोडणाऱ्या गंजलेल्या बोल्टवर सापडली.

क्लचची कॉइल, म्हणजे चुंबकाची तांब्याची गुंडाळी, मात्र ठणठणीत होती: थंड असताना रोध ३.६ ओहम, म्हणजे १४ व्होल्टवर जवळपास ४ अँपिअर. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. बॉनेटखालच्या उष्णतेत तो साडेचार ओहमच्या पुढे जातो, आणि त्यात व्होल्टेजही ११ वर आले तर प्रवाह अडीच अँपिअरच्या खाली उतरतो. तेवढ्या चुंबकाला झिजलेल्या क्लचची चकती ओढून धरणे जमत नाही. दुखणे दुपारीच का उठे, ते इथे कळते. नवा रिले दोनशे रुपयांच्या आत आला, बोल्ट पॉलिश पेपरने घासला, आणि नवतपातही एसीने दगा दिला नाही.

पावसाळ्यात ब्लोअर, म्हणजे एसीची हवा आत फेकणारा पंखा, फक्त चौथ्या वेगावर चालू लागला. तेव्हा पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर तुटल्याचे मीटरने लगेच दाखवले, कारण चौथ्या वेगात वीज रेझिस्टर टाळून थेट मोटरला जाते.

तक्रारी आहेत. उन्हात पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत, आणि बॅकलाइट काही सेकंदांत विझतो. प्रोबची टोके इतकी जाड आहेत की कनेक्टरच्या मागून शिरत नाहीत; मी शिवणाच्या टाचण्या वापरतो. १० अँपिअरच्या मर्यादेमुळे पूर्ण वेगातल्या ब्लोअरचा प्रवाह मोजण्याचे नावही काढू नये, आणि अँपिअरच्या खाचेत प्रोब ठेवून बॅटरीला लावणे तर सरळ शॉर्टसर्किटच. त्या कामासाठी क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) घेणार असाल, तर तो डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा, प्रवाह मोजतो याची दुकानातच खात्री करून घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त घरच्या विजेसारखा दिशा बदलणारा (एसी) प्रवाह मोजतात आणि गाडीत त्यांचा काडीचा उपयोग होत नाही.