सेसना १५२ की १७२? ठाणे-नवी मुंबईतून पायलट व्हायला निघालेल्यांसाठी

सेसना १५२ आणि १७२ ही फ्लाइंग स्कूलमधली नेहमीची दोन शिकाऊ विमाने. त्यातल्या १५२ चे कमाल वजन ७५७ किलो. त्यात विमान, दोन माणसे, इंधन, बॅग, हेडसेट सगळे आले. सेसना १७२ एस मॉडेल नुसते रिकामे उभे असते, तेव्हाच जवळजवळ तेवढे भरते. दोघांमधले बहुतेक फरक या एका आकड्यातून निघतात. एक पोरसवदा, एक भारदस्त. दर तासाच्या फीमधला फरकही इथूनच येतो.

आधी जागेचे बोलू. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून विमान शिकता येत नाही. जुहूला १९२८ पासून बॉम्बे फ्लाइंग क्लब होता, जेआरडी टाटांच्या पिढीचे उड्डाण तिथले. पण मोठ्या विमानांच्या गर्दीत शिकाऊ विमानांना जागा उरली नाही आणि क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला गेले. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला म्हणून आता उलव्यात शिकता येईल, अशी आशा काही पालक धरून असतात. जेटच्या रांगेत ६५ नॉटने (ताशी साधारण १२० किलोमीटर) उतरणाऱ्या विमानाला कोणी थांबून जागा देत नाही. तेव्हा बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया किंवा राज्याबाहेर कुठेतरी होस्टेल हे गृहीत धरा. ठाण्याहून आग्रा रोडने कसारा, नाशिक, मालेगाव करत धुळे, किंवा नवी मुंबईहून एक्स्प्रेस वेने पुण्यामार्गे बारामती. दोन्हीकडे सकाळी निघून दुपारपर्यंत विमाने पाहता येतात. फी भरण्याआधी हा फेरा कराच.

| | १५२ | १७२ एस |
|---|---|---|
| आसने | २ | ४ |
| इंजिन | ११० अश्वशक्ती, कार्ब्युरेटर | १८० अश्वशक्ती, फ्युएल इंजेक्शन |
| कमाल वजन | ७५७ किलो | १,१५७ किलो |
| वापरता येणारे इंधन | ९३ लिटर (साध्या टाक्या) | २०० लिटर |
| फ्लॅप (पंखामागच्या झडपा) पूर्ण खाली असताना स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा वेग | ३५ नॉट | ४० नॉट |
| सर्वोत्तम ग्लाइड (इंजिनाविना तरंगत जाण्याचा वेग) | ६० नॉट | ६८ नॉट |
| सिद्ध केलेला क्रॉसविंड (आडवा वारा) | १२ नॉट | १५ नॉट |

१५२ चे उत्पादन १९७७ ते १९८५ या काळात झाले. म्हणजे तुम्हाला मिळेल ते १५२ चाळिशी ओलांडलेलेच असणार. १७२ मात्र १९५६ पासून येते आहे, मधली १९८६ नंतरची दहा वर्षे सोडून. आजवर ४४,००० हून जास्त बनली. त्यामुळे माहितीपत्रकात नुसते ‘१७२’ लिहिले असेल तर पुढचे अक्षर विचारा. एन आणि पी ही जुनी मॉडेले, १६० अश्वशक्तीची आणि कार्ब्युरेटरची. आर आणि एस नवीन, इंजेक्शनची. खाली १७२ म्हणजे एस मॉडेल धरले आहे.

जुने वैमानिक १५२ बद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांच्याही आधीची पिढी ‘पुष्पक’बद्दल असेच बोलते. एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) डॉ. वि. मा. घाटगे यांच्या पथकाने केलेले, कापडी कातडीचे, शेपटीकडे चाक असलेले, ९० अश्वशक्तीचे दोन आसनी विमान. पहिले उड्डाण १९५८ चे, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येकांची पहिली सोलो (एकट्याने उड्डाण) त्यावर झाली. हे प्रेम खरे आहे आणि त्याला कारणही आहे: हलके विमान चूक लगेच हाताला सांगते. फक्त त्या आठवणींत वजनकाट्याचा उल्लेख नसतो. तेव्हा सगळेच विशीतले आणि साठ किलोचे होते.

आता काटा मांडू. शाळेतल्या जुन्या, रेडिओ-ट्रान्सपाँडर बसवलेल्या १५२ चे रिकामे वजन साधारण ५२० किलो धरा. ७५७ मधून वजा जाता २३७ उरतात. पूर्ण टाकी ९३ लिटर, लिटरला ०.७२ किलोने ६७ किलो. राहिले १७०. इन्स्ट्रक्टर ८५ चे असतील तर तुमच्या वाट्याला बूट, हेडसेट, बॅगेसकट ८५. तुम्ही ९५ चे असाल तर विमान बाद होत नाही, टाकी अर्धी ठेवायची. ४६ लिटर म्हणजे ३३ किलो. माणसांसाठी २०४ किलो मोकळे होतात, आणि तासाला २२ लिटरने दोन तासांचे इंधन असते. तासाभराच्या सर्किटला (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांना) राखीव धरून हे पुरते. लांबच्या क्रॉस-कंट्रीला (एका विमानतळाहून दुसरीकडच्या उड्डाणाला) भरपूर इंधन लागते, पण तेव्हा बहुतेकदा इन्स्ट्रक्टर शेजारी नसतात, त्यामुळे तिथे वजन सहसा आड येत नाही. अडचण वेगळीच असते: आधीच्या उड्डाणानंतर कोणीतरी टाक्या काठोकाठ भरून ठेवलेल्या असतात, आणि पंखातून इंधन काढण्याचा कंटाळा सगळ्यांनाच. शाळेला सरळ विचारा, टाक्या कुठवर भरून ठेवता? आणि भरलेले मोजता कसे? उत्तर ‘डिपस्टिक’ (टाकीत बुडवून मोजायची पट्टी) यायला हवे. ‘गेज’ (पॅनेलवरचा काटा) आले तर सावध व्हा.

खांद्यांचे म्हणाल तर १५२ मध्ये दोघे धिप्पाड बसले की ठाणे लोकलमधल्या चौथ्या सीटची आठवण होते. १७२ मध्येही केबिन फार रुंद नाही, पण सीट मागेपुढे करून खांदे चुकवता येतात.

उन्हाळ्यात काय होते ते आधी कळलेले बरे. समजा धावपट्टी २,००० फुटांवर आहे आणि एप्रिलच्या दुपारी पारा ४०. त्या उंचीचे प्रमाण तापमान ११ अंश. फरक २९ अंशांचा, अंशाला १२० फुटांनी साधारण ३,५००. म्हणजे इंजिन आणि पंखांच्या दृष्टीने तुम्ही ५,५०० फुटांवर आहात. हजार फुटांना तीन टक्के धरले तर ११० ची अश्वशक्ती ९२ च्या आसपास येते. समुद्रसपाटीला प्रमाण हवेत मिनिटाला ७१५ फूट चढणारे १५२ आता पाचशेच्या आसपास चढते. गंमत अशी की १७२ पूर्ण भरले तर तेही फारसे वेगळे चढत नाही. फरक पडतो तो भरण्यात. १५२ नेहमी काठावर भरलेले. १७२ मध्ये दोघे आणि १०० लिटर इंधन धरले तरी हजार किलोच होतात, म्हणजे दीडशे किलो खाली. दुपारचा जोर येतो तो त्या रिकाम्या मागच्या सीटवरून.

म्हणून १५२ वर सकाळी साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर उडतात. दुपारच्या उष्ण झोतांत ते कागदासारखे हलते. पंखाच्या चौरस फुटाला १०.४ पौंड भार, १७२ मध्ये दोघांसह साधारण साडेबारा. शाळेकडे फक्त १५२ असतील तर उन्हाळ्यात दिवसाचे उडण्याचे तास कमी मिळणार, हे वेळापत्रकात धरा. पावसाळा दोघांनाही सारखाच अडवतो.

हातातला फरक लँडिंगला कळतो. १५२ चा योक (विमानाचे हँडल) फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, दोन बोटांनी येतो. १७२ मध्ये पुढे दोघे आणि मागे कोणी नाही, की नाक जड. ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारे चाक) नीट लावले नसेल तर शेवटच्या दहा फुटांत हात भरून ओढावे लागते. नवखा तिथे कमी ओढतो, नाकाचे चाक आधी टेकते, विमान उसळते, तो घाबरून योक पुढे ढकलतो, आणि दुसरी-तिसरी उसळी नाकावर बसते. असे वारंवार झाले की नाकामागची फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) सुरकुतते. जुन्या १७२ चे हे ओळखीचे दुखणे. यावर एकच उपाय, पहिल्या उसळीलाच पूर्ण थ्रॉटल (इंजिनाचा पूर्ण जोर) आणि गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणे). १५२ ला उलटी खोड आहे: पूर्ण ३० अंश फ्लॅपवर, उन्हात, गो-अराउंड करताना ते चढायला तयारच नसते. थ्रॉटलबरोबर फ्लॅप लगेच २० वर आणायचे, मग वेग येऊ द्यायचा, मग उरलेले टप्प्याटप्प्याने. हे जमिनीवर बसून पाठ करून घ्या.

स्पिन (स्टॉल होऊन गिरक्या घेत खाली येणे) शिकायचा असेल तर १५२ कडेच बघा. १७२ ला ‘युटिलिटी’ नावाच्या कमी वजनाच्या मर्यादेत परवानगी आहे, पण ते स्पिनमध्ये टिकत नाही. घरंगळून स्पायरलमध्ये (वेग वाढत जाणाऱ्या घसरत्या वळणात) जाते, आणि स्पायरलची सुटका वेगळी. १५२ वर मात्र रडर-स्टॉपचे (शेपटीची उभी झडप ठरावीक मर्यादेत अडवणाऱ्या भागाचे) सुधारित काम झाले आहे का, ते विचारा. पूर्ण रडर दिल्यावर तो पलीकडे जाऊन अडकू नये म्हणून हे काम सक्तीचे झाले. ते केले नसेल तर विमानात ‘स्पिनला मनाई’ अशी पट्टी लावलेली असते.

इंजिनाची दोन घराणी. १५२ मध्ये इंधन पंखातून नुसत्या उताराने येते, पंप नाही. व्हॉल्व्ह फक्त चालू किंवा बंद. चुकायला जागा कमी. पण कार्ब्युरेटर आहे, आणि कोकणच्या दमट हवेत २५ अंशांनाही त्यात बर्फ धरतो. उतरताना पॉवर कमी करण्याआधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढायची. बर्फ असेल तर आधी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पडतो, इंजिन खडखडते, मग आरपीएम चढतो. शिकाऊ माणूस नेमका खडखडीला घाबरून हीट परत आत ढकलतो, आणि वितळायला लागलेला बर्फ तसाच राहतो. सुरू करताना प्रायमरचे (इंजिनात सुरुवातीचे इंधन ढकलणाऱ्या हातपंपाचे) दोन-तीन झटके दिले की तो आत दाबून फिरवून लॉक करा. सुटा राहिला तर इंजिन त्यातून जादा इंधन ओढते आणि काळा धूर काढत चालते.

१७२ ला कार्ब्युरेटरचा बर्फ नाही, गरम इंजिनाचे रुसवे आहेत. उतरून चहा प्यायला पंधरा मिनिटे गेलात, की सिलिंडरवरच्या नळ्यांत इंधनाची वाफ होते. परत सुरू करताना थंड इंजिनासारखे प्राइम केले तर फ्लड होते (इंधन जास्त होऊन पेटत नाही), मग स्टार्टर दमतो, मग बॅटरी. ड्रेनही (इंधनाचा नमुना काढायची तोंडे) बघा. १५२ मध्ये दोन पंख आणि स्ट्रेनर (इंधनाची गाळणी), एवढेच; १७२ एस मध्ये तेरा. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर झिजले असेल तर पाणी आत जातेच. नमुना पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरा: ॲव्हगॅस १०० एलएल फिकट निळे असते, पाण्याचा थेंब तळाशी बसतो. सगळा कप पाण्याचाच असेल तर थेंब दिसणारच नाही, फक्त निळा रंग नसेल.

इंजिनात ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटो दोन असतात; रनअपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) एकेक बंद करून आरपीएम किती पडतो ते, म्हणजे ड्रॉप, बघतात. १५२ चा १,७०० आरपीएमवर मॅग्नेटो ड्रॉप १२५ पर्यंत चालतो, १७२ एस चा १,८०० वर १५० पर्यंत. दोन्हीत डाव्या-उजव्यातला फरक ५० च्या आत. अजिबात ड्रॉप नसेल तर खूश होऊ नका, ती मॅग्नेटो बंदच होत नसावी. १५२ च्या प्लगवर शिसे साचून ड्रॉप वाढतो, म्हणून टॅक्सी करताना मिक्स्चर लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) ठेवायची सवय चांगल्या शाळा लावतात.

इंधन तासाला १५२ ला २२ लिटर, १७२ ला ३४ च्या आसपास. कमर्शियल लायसन्सला किमान २०० तास लागतात. सगळे १५२ वर केले तर ४,४०० लिटर, १७२ वर ६,८००. २,४०० लिटर ॲव्हगॅसचा फरक, शिवाय देखभालीचा. पण २०० तासांत १० तास इन्स्ट्रुमेंटचे, ५ रात्रीचे आणि ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्री असते. त्यासाठी १७२ चे स्थैर्य आणि मोठी टाकी उपयोगी पडते, कारण वाटेतल्या प्रत्येक धावपट्टीवर ॲव्हगॅस मिळत नाही. काचेचा पॅनेल (काट्यांऐवजी पडद्यांचा) पुढे एअरलाइनमध्ये लागतोच. पण सुरुवातीला त्याच्याकडे बघत उडायची सवय लागली तर खिडकीबाहेर बघायला शिकवताना इन्स्ट्रक्टर मेटाकुटीला येतात.

वजन बसत असेल आणि शाळेकडे दोन्ही असतील, तर सोलो आणि त्यापुढचे तीस-चाळीस तास १५२ वर, क्रॉस-कंट्रीपासून पुढचे १७२ वर. परीक्षा कोणत्या विमानावर आणि लायसन्सवर कोणते नोंदले जाणार, हे मात्र लेखी घ्या. वजन नव्वदच्या वर असेल आणि इन्स्ट्रक्टरही तसेच असतील, तर सरळ १७२. एकच १५२ असलेल्या शाळेत स्वस्त फीच्या मोहाने जाऊ नका. चाळीस वर्षांच्या विमानाचा एक सुटा भाग यायला महिना लागला की तुम्ही महिनाभर होस्टेलमध्ये.

मैदानावर गेलात की परवानगी घेऊन तीन गोष्टी करा. सीटवर बसा, मागेपुढे जोरात हलवा. सेसनाच्या सीटची रूळपट्टी झिजली की टेकऑफला सीट मागे घसरते, पायलट योकला लटकतो आणि नाक वर जाते. पट्टीतली भोके लंबगोल झालेली दिसली तर तसे सांगा. नाकाच्या स्ट्रटची (चाकाचे धक्के झेलणाऱ्या दांड्याची) चकचकीत नळी तीन-चार बोटे बाहेर हवी, तेलकट नको. बसलेला स्ट्रट आणि ढिला शिमी डँपर (चाकाची थरथर रोखणारा भाग) असला की लँडिंगला नाकाचे चाक थरथरते. मग मागच्या महिन्याचा टेक लॉग (बिघाडांची नोंदवही) बघायला मागा. त्यात एकही बिघाड नोंदलेला नसेल, तर विमान उडालेले नाही किंवा कोणी लिहीत नाही.

आणि घरून निघण्याआधी कपडे, बूट, बॅगेसकट काट्यावर उभे राहा. तो आकडा कागदावर घेऊन जा. शाळेला पहिला प्रश्न तिथूनच विचारायचा आहे.