आयसीडी-१०-सीएम मधला वाय३६.७एक्स१: एका कोडरचा अभिप्राय

आयसीडी-१०-सीएम म्हणजे आजार आणि इजांना कोड देण्याची अमेरिकेतली पद्धत. मी कोडर आहे, म्हणजे पेशंटचा चार्ट (दवाखान्यातली नोंद) वाचून त्याला हे कोड लावते. तिची टॅब्युलर लिस्ट, म्हणजे कोडांची क्रमवार यादी, कामाच्या वेळात माझ्यापुढे सतत उघडी असते. ती फुकट उतरवून घेता येते, शोधायला सोपी आहे, आणि रोजच्या चार्टांसाठी तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. हा अभिप्राय मात्र तिच्यातल्या एकाच कोडचा आहे. युद्धात रासायनिक किंवा इतर अपारंपरिक शस्त्रांनी जखमी झालेल्या सामान्य नागरिकासाठी तिथे वाय३६.७एक्स१ आहे. कोडिंगला येण्याआधी मी आयसीयूत नर्स होते, त्यामुळे या कोडमागचा पेशंट मला दिसतो.

आधी चांगलं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये वाय३६.७ हा एकच आकडा आहे, सैनिक असो वा बाजाराला निघालेली बाई. सीएममध्ये सहाव्या जागी ० म्हणजे सैनिक, १ म्हणजे नागरिक. हा भेद फार मोलाचा आहे. सातवं अक्षर तितकंच कामाचं: सक्रिय उपचार चालू असताना ए, नंतरच्या बरं होण्याच्या काळात डी, आणि मागे राहिलेल्या दुखण्यासाठी एस. मस्टर्ड वायू हे फोड आणणारं रासायनिक शस्त्र आहे, आणि त्याच्या पेशंटला या एसची खरी गरज असते. त्यावर उतारा नाही. संपर्कानंतर काही तास माणूस ठीक दिसतो, मग डोळे, कातडी आणि श्वासनलिका भाजल्यासारख्या होतात, आणि फुफ्फुसाचं दुखणं आयुष्यभर पुरू शकतं. इराणमधल्या सरदश्तवर जून १९८७ मध्ये आणि इराकमधल्या हलब्जावर मार्च १९८८ मध्ये रासायनिक हल्ले झाले. तिथून वाचलेल्यांवर कित्येक वर्षांनंतरही छातीचे आणि डोळ्यांचे उपचार करावे लागले.

आता खटकणारी गोष्ट. वाय कोड इजेचं बाह्य कारण सांगतो, म्हणून तो पहिला लावता येत नाही. आधी शरीराला काय झालं ते, म्हणजे विषबाधेचा टी कोड हवा. क्लोरीनसाठी टी५९.४ आहे, अश्रुधुरासाठी टी५९.३ आहे. मस्टर्डच्या नावाचा कोड नाही, त्याला ‘इतर’मध्येच बसवावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे टी कोडला हेतू द्यावा लागतो आणि पर्याय चारच: अपघात, स्वतःहून, हल्ला, अनिश्चित. युद्ध हा पर्यायच नाही. नियम असाही आहे की हेतू लिहिलेला नसेल तर अपघात धरा. ‘अनिश्चित’ फक्त तेव्हाच, जेव्हा हेतू ठरवता येत नाही असं चार्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

याचा परिणाम बघा. निर्वासित म्हणून आलेल्या, दम लागणाऱ्या पेशंटच्या चार्टवर डॉक्टरांनी एवढंच लिहिलेलं असतं: ‘पूर्वी वायूचा संपर्क, जुनाट खोकला.’ कुठे, कधी, कोणता वायू, कुणी सोडला, काही नाही. नियमाने त्या बाईच्या नावापुढे अपघात लागतो. गाव गॅसने मारलं गेलं आणि नोंदीत गळती झाल्यासारखं दिसतं. अशा चार्टवर मी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलाशाचा प्रश्न, टाकतेच, विम्याच्या क्लेमला उशीर झाला तरी चालेल.

त्या कोडमधल्या एक्सबद्दलही बोलायला हवं. पाचवी जागा नुसती भरण्यापुरती आहे. नर्व्ह एजंट (मज्जातंतूंवर परिणाम करणारे), फोड आणणारे, श्वास कोंडणारे, एवढे तीन वर्ग तरी तिथे सहज बसले असते. उपचार वेगळे आहेत ना? सारिन या नर्व्ह एजंटला अ‍ॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्साइम ही औषधं लागतात, तीही तातडीने. त्याआधी कपडे उतरवून पेशंट धुवावा लागतो. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडलं गेलं तेव्हा पेशंटच्या कपड्यांतून येणाऱ्या वाफेने दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला होता.

टोकियोसारखी घटना मात्र वाय३६ मध्ये येत नाही, ती दहशतवादाच्या वाय३८ मध्ये जाते. तो लावायचा तर एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने घटनेला दहशतवाद ठरवलेलं असायला हवं, नुसत्या संशयावर हल्ल्याचाच कोड लागतो. नव्या कोडरची इथे हमखास गडबड होते. युद्ध संपल्यावर फुटलेल्या सुरुंगासाठी वाय३६.८ आहे, तोही ध्यानात ठेवा.

बाह्य कारणाचे कोड देणं अमेरिकेत देशभर सक्तीचं नाही. राज्य किंवा विमा कंपनी मागत नसेल तर बरेच जण ते गाळतात. पुस्तकाला मी पाचपैकी साडेतीन देईन, आणि अर्धा गुण फक्त त्या नागरिकाच्या १ साठी. डॉक्टरांनी चार्टवर वायूचं नाव, ठिकाण, वर्ष आणि ‘युद्धात, नागरिक’ हे दोन शब्द लिहिले, तर याच पुस्तकातून बरोबर कोड निघतो.