टॅबच्या जागी स्पेस: एक्सपांड की सेड?

फाइलीतले टॅब काढून तिथे स्पेस घालायच्या म्हटल्या की हात आधी सेड या कमांडकडे जातो. साहजिकच आहे, सेड रोजच्या वापरातले, 'हे शोध, ते घाल' एवढे सांगितले की काम उरकते. टॅबच्या स्पेस करणारी खास कमांड म्हणजे एक्सपांड, ते मात्र मागे पडते. बर्कली युनिक्सच्या जमान्यापासून ते आहे, पॉझिक्स या युनिक्स-प्रमाणकाच्या यादीत आहे, लिनक्सवर असो वा मॅकवर, सहसा वेगळे बसवावेही लागत नाही. तरी त्याचे नाव क्वचितच निघते. मी दोन्ही भरपूर वापरली आहेत आणि आता माझा कल एका बाजूला झुकलेला आहे. तुमचे काम वेगळे असेल तर निवडही वेगळी ठरू शकेल. (टीआर या अक्षरे बदलणाऱ्या कमांडचा विचार इथे करत नाही. ते एका अक्षराच्या बदल्यात एकच अक्षर देते, त्यामुळे एका टॅबच्या चार स्पेस त्याच्याकडून होत नाहीत.)

माझ्यापुरता निकाल लावला तो एकाच त्रासाने. सेडला आपण सांगतो, 'टॅब दिसला की आठ स्पेस घाल.' पण टॅबला अशी ठरलेली रुंदी नसतेच. पुढच्या थांब्यापर्यंत सरक, एवढाच त्याचा हुकूम. थांबे आठ-आठ घरांवर (घर म्हणजे एका अक्षराची जागा) असतील आणि ओळीत आधी पाच अक्षरे असतील, तर टॅब तीनच घरे घेतो. सात अक्षरे असतील तर एकच. सेड दोन्हीकडे आठ स्पेस ओतून मोकळे होते. ओळीच्या सुरुवातीच्या टॅबला याने काही बिघडत नाही, म्हणून पहिल्या पानावर सगळे ठाकठीक वाटते. खाली जावे तसे उजवीकडचे रकाने वेडेवाकडे व्हायला लागतात.

माझ्याकडे सेटिंगच्या फाइली बऱ्याच येतात. डावीकडे नाव, मग किंमत, शेवटी टिप्पणी, आणि हे सगळे कुणीतरी टॅब देऊन नीट आखलेले. सेड फिरवल्यावर ती आखणी मोडते, आणि एकेक ओळ हाताने सरळ करत बसणे हे काम फार जिवावर येते. एक्सपांड ओळीतले आपण कितव्या घरात आहोत ते मोजत जाते आणि थांब्यापर्यंत लागतील तेवढ्याच स्पेस घालते. रूपांतर झाल्यावरही फाइल पडद्यावर आधीसारखीच दिसते. मला तेच हवे असते. थांबे चार घरांवर हवे असतील तर '-टी ४' द्यायचे, की झाले. रकाने कमी-जास्त रुंद असतील तर '-टी ४,२०,४०' अशी यादीही देता येते. मात्र यादीतला शेवटचा थांबा ओलांडला की पुढच्या प्रत्येक टॅबची एकच स्पेस होते, हे लक्षात असू द्या.

सेडची जमेची बाजू लहान नाही. '-आय' दिले की ते फाइल जागच्या जागी बदलते, मग फाइल एक असो की शेकडो. एक्सपांडला हे येत नाही. त्याचे उत्तर त्याच फाइलीत वळवले, तर एक्सपांडने वाचायला घेण्याआधीच शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, ती फाइल रिकामी करते. त्यामुळे तात्पुरती फाइल करा, नाहीतर मोअरयूटिल्स या संचातली स्पंज कमांड पाइपच्या टोकाला लावा. पण सेडची ही सोयही सगळीकडे सारखी मिळत नाही. मॅकवर '-आय'च्या पुढे मूळ फाइलीच्या प्रतीसाठी जोडनाव द्यावेच लागते, निदान रिकामे तरी. आणि बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब हे ग्नू सेडला, म्हणजे लिनक्सवर सहसा असते त्याला, कळते, तसे प्रत्येक सेडला कळेलच याची खात्री नाही.

कोडच्या बाबतीत मी '-आय'शिवाय एक्सपांड चालवत नाही. अक्षर तेच, पण इथे त्याचा अर्थ फक्त ओळीच्या सुरुवातीचे टॅब बदल, असा आहे. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात खराखुरा टॅब असेल तर तो त्यामुळे वाचतो. हे महत्त्वाचे, कारण नंतर 'गिट डिफ -डब्ल्यू'ने जुनी-नवी फाइल ताडून काही बदलले नाही ना हे पाहायला जावे, तर ती तपासणी मोकळ्या जागेतले सगळेच फरक दुर्लक्षिते, अवतरणातलेसुद्धा. हा पर्याय ग्नूच्या एक्सपांडमध्ये आहे, मॅकच्या मूळच्या एक्सपांडमध्ये नाही. तिथे ग्नू कोअरयूटिल्स हा कमांडसंच बसवावा. सेडनेही हे साधते, पण त्यासाठी लूप लिहावे लागते आणि चार महिन्यांनी ती ओळ पुन्हा वाचून समजत नाही. मेकफाइल (प्रोग्रॅम बांधायच्या आज्ञांची फाइल) मात्र दोघांपासूनही दूर ठेवा. तिथल्या आज्ञांच्या ओळी टॅबनेच सुरू व्हाव्या लागतात.

उलट दिशेला, म्हणजे स्पेसचे टॅब करताना, अनएक्सपांड आहे आणि तिथे एक खोच आहे. नुसते चालवले तर ते ओळीची सुरुवातच बदलते. '-टी ४' दिले की मात्र ओळीच्या मधल्या स्पेसही धरते, आपण तसे मागितलेले नसले तरी. ग्नूमध्ये सोबत '--फर्स्ट-ओन्ली' जोडले की ते आवरते. गो या भाषेतल्या कोडसाठी यातले काहीच लागत नाही, तिचे मांडणी नीट करणारे गोएफएमटी स्वतःच टॅब लावते.

देवनागरी मजकूर असेल तर एक्सपांडवरही डोळे मिटून विसंबू नका. ग्नू एक्सपांडच्या बऱ्याच आवृत्त्या अक्षरे न मोजता बाइट (साठवणीची एकके) मोजतात. 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात १५ बाइटांचा होतो, पडद्यावर मात्र त्याला पाच घरांहून जास्त जागा लागत नाही. थांबा आठ घरांवर असेल तर तिथे निदान तीन स्पेस यायला हव्यात. बाइट मोजणारे एक्सपांड सोळाव्या घराचा हिशेब धरून एकच घालते. तुमच्याकडची आवृत्ती काय करते ते पाहायला 'मराठी', एक टॅब आणि पुढे कुठलेही अक्षर एवढी एक ओळ पुरते. माझे मराठी रकाने असतील तर त्या फाइलीतले टॅब मी तसेच राहू देतो, कारण सेडकडेही त्यावर उपाय नाही.