रडारची शक्ती वाढवायची की होडीवर पत्रा टांगायचा?

छोटी फायबरची होडी रात्री जहाजाच्या रडारला लांबून दिसायला हवी. जहाजाने रडारची शक्ती वाढवली तर? पल्ला शक्तीच्या चतुर्थमुळानेच, म्हणजे वर्गमुळाच्या वर्गमुळानेच, वाढतो. शक्ती दुप्पट केली तर पल्ला जेमतेम 19 टक्के वाढणार. पल्ला दुप्पट हवा तर शक्ती 16 पट! वर यंत्र महाग.

होडीच्या परावर्तनालाही, म्हणजे ती रडारच्या लहरी किती परत पाठवते त्यालाही, नियम तोच. पण एकमेकांना काटकोनात जोडलेल्या तीन पत्र्यांच्या परावर्तकाची कड दुप्पट केली, की परावर्तन 16 पट होतं. म्हणजे पल्ला दुप्पट, आणि वीज शून्य. मी तर पत्राच टांगेन. मात्र एखादा पत्रा वाकला, काटकोन बिघडला, की खेळ खलास. आणि बांधायचा तो डोलकाठीवर, उंच. क्षितिजाआड गेलेली होडी शक्ती ओतून दिसत नाही.