व्हिलनच हिरो असलेल्या फँटसी : कुठल्या खऱ्या आणि कुठल्या नुसत्या ॲटिट्यूडवाल्या

आधीच सांगून टाकते, 'बिचारा व्हिलन' हा प्रकार मला झेपत नाही. म्हणजे कव्हरवर काळा झगा, हातात रक्ताळलेली तलवार, मागच्या पानावर लिहिलेलं की हा माणूस नाही राक्षस आहे वगैरे वगैरे, आणि आत शंभरेक पानं गेल्यावर कळतं की साहेब लहानपणी दुखावलेत, मनाने अगदी सोनं आहेत आणि आजवर ज्यांना ज्यांना मारलं ते सगळे त्यांच्यापेक्षा नालायकच होते. मग व्हिलन गेला कुठे? हा तर रुसलेला हिरो झाला ना. गेल्या काही महिन्यात ह्या टाइपच्या बऱ्याच कादंबऱ्या ओळीने वाचून काढल्या, झोपेची पार वाट लावून घेतली, त्यातल्या तीन सिरीजबद्दल नीट लिहिते, बाकीच्या येता जाता.

मी बघते ती गोष्ट साधी आहे. ज्याचं वाटोळं झालं तो माणूस लेखकाने दाखवलाय का? त्याला नाव आहे का, घाबरल्यावर तो काय बडबडतो, पुढे त्याचं काय झालं. नुसतं 'त्याने गाव जाळलं' असं लिहून पुढच्या चॅप्टरला डायलॉगबाजी सुरू, असलं असेल तर मग मला त्या व्हिलनची भीतीही वाटत नाही आणि कीवही येत नाही.

तर पहिला नंबर, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो, जो ॲबरक्रॉम्बीची 'फर्स्ट लॉ' ट्रिलजी. 'द ब्लेड इटसेल्फ' २००६ चं, 'बिफोर दे आर हँग्ड' २००७, 'लास्ट आर्ग्युमेंट ऑफ किंग्ज' २००८. ह्यात लोगन नाइनफिंगर्स नावाचा एक रानदांडगा आहे, जेझल नावाचा एक फुकटचा शायनर आहे, बायाझ नावाचा म्हातारा जादूगार आहे ज्याच्याबद्दल मी काही म्हणजे काही सांगणार नाही, पण पुस्तक खाऊन टाकतो तो सँड डॅन ग्लोक्टा. हा इन्क्विझिटर, म्हणजे सरकारी छळ करणारा. लोकांना खुर्चीत बांधून कबुलीजबाब काढणं ही ह्याची नोकरी. आणि हा स्वतः एकेकाळचा तलवारबाजीचा चॅम्पियन, देखणा, माजोरडा, मग लढाईत गुर्किश लोकांच्या, म्हणजे शत्रूच्या, हाती लागला आणि दोन वर्षं त्यांनी ह्याचा छळ केला, परत आला तो असा, एक पाय कामातून गेलेला, पाठ वाकलेली, आणि दात अशा हिशेबाने फोडलेले की वर जिथे आहेत तिथे खाली नाहीत आणि खाली आहेत तिथे वर नाहीत, म्हणजे आयुष्यभर काही चावता येणार नाही, लापशीवर जगायचं.

आता हे वाचून वाटेल की आली, दर्दभरी बॅकस्टोरी आली. पण नाही हो. पुस्तकात आपण त्याला पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो पायऱ्यांवर चिडलेला असतो. बस. जगातल्या कुठल्याही एका माणसाचा छळ करायची संधी मिळाली तर मी पायऱ्यांचा शोध लावणारा निवडेन, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललेलं असतं. आपण हसतो. आणि तो माणूस असाच लंगडत, घाम पुसत, मनातल्या मनात टोमणे मारत एका खोलीत जातो जिथे सॅलेम र्‍यूज नावाचा एक जाडा व्यापारी खुर्चीत बसलाय आणि तो ह्याचा जुना ओळखीचा आहे. जुन्या दिवसांची आठवण काढतो, गयावया करतो, आणि ग्लोक्टा त्याला तोंड उघडून आपले दात दाखवतो. व्यापाऱ्यांच्या गिल्डने कर चुकवलाय, त्याची कबुली आणि नावांची यादी पाहिजे, कागद तयार आहे, सही राहिलीय. ह्या कागदाचीच मला जास्त भीती वाटली. म्हणजे र्‍यूजने काय केलं, काय नाही, ह्याच्याशी कुणाला घेणंदेणंच नाही, टेबलावर यादी हवी, वरच्या साहेबांना म्हणजे आर्च लेक्टर सुल्टला ती वापरून व्यापाऱ्यांचा काटा काढायचाय. सगळं ऑफिस पॉलिटिक्स! आणि आपण दोन मिनिटांपूर्वी ह्याच माणसाच्या पायऱ्यांच्या जोकवर हसलेलो असतो, त्यामुळे आता पुस्तक खाली ठेवून 'शी, काय माणूस आहे' म्हणायचं तोंडच राहत नाही.

'मी हे का करतो?' हा प्रश्न तो स्वतःला पूर्ण सिरीजभर विचारत राहतो. एखादा कमी दमाचा लेखक तिसऱ्या भागात त्याचं झकास उत्तर देऊन मोकळा झाला असता. ॲबरक्रॉम्बी देत नाही, आणि त्याने बरं केलं. सकाळी अंथरुणातून उठता न येणं, रात्री अंथरूण खराब झालं की नोकराने, बार्नमने, ते गुपचूप आवरणं, हे सगळं इतक्या जवळून लिहिलंय की दया येतेच, आणि त्याच दिवशी दुपारी तो कामावर जातो. दुसऱ्या भागात त्याला डॅगोस्का नावाच्या शहरात पाठवतात, वेढा पडायच्या बेतात असलेलं शहर, आणि समोर कोण तर तेच गुर्किश. आधीचा तिथला अधिकारी गायब झालेला, तिजोरीत खडखडाट, शहरातले मूळ लोक ह्यांच्या राज्याला कंटाळलेले. तीन भागातलं मला सर्वात आवडलेलं हेच प्रकरण. इथे तो कुणाकुणावर दयाही दाखवतो, आणि ती दया पुढे त्याच्याच गळ्याशी येते.

तक्रारी आहेत. पहिला भाग म्हणजे जवळजवळ सगळी तयारीच, माणसं गोळा करण्यात पुस्तक संपतं, ज्यांना 'प्लॉट कुठंय' विचारायची सवय आहे त्यांची चिडचिड होणार. फेरो नावाच्या बाईला बराच काळ राग सोडून दुसरं काही दिलेलंच नाही. आणि दुसऱ्या भागात जी लांबलचक सफर आहे तिथे मी पानं उलटून बघायचे की ग्लोक्टा परत कधी येतोय.

एक प्रॅक्टिकल गोष्ट. त्याच्या मनातले विचार इटॅलिकमध्ये छापलेत. मी ई-रीडरवर वाचत होते आणि जो फॉन्ट लावला होता त्यात इटॅलिक धड दिसायचंच नाही, त्यामुळे पहिली पन्नासेक पानं मला वाटलं हा माणूस साहेबांच्या तोंडावर त्यांना शिव्या घालतोय आणि साहेब ऐकून कसे घेतायत! फॉन्ट बदला आधी. ऑडिओबुक ऐकणार असाल तर प्रश्नच नाही, स्टीव्हन पेसीने वाचलंय आणि ग्लोक्टाचं बोलणं दात नसलेल्या माणसासारखं बोबडं, पण मनातले विचार स्वच्छ, असा फरक केलाय, की वाटतं आतला तो तरुण चॅम्पियन अजून तसाच बसलाय. मी पुस्तक वाचून झाल्यावर परत ऐकलं.

दुसरं, मार्क लॉरेन्सचं 'प्रिन्स ऑफ थॉर्न्स', २०११ चं. ह्याचं नाव सगळे घेतात म्हणून घेतलं. जॉर्ग नावाचा राजपुत्र, नऊ वर्षांचा असताना काटेरी झुडपात अडकून पडला आणि समोर आई आणि धाकट्या भावाला मारताना बघितलं, मग घरातून पळून लुटारूंच्या टोळीत, आणि चौदाच्या आत तो टोळीचा म्होरक्या, पंधराव्या वर्षी राजा होणार म्हणून पण केलेला. भाषा मात्र काय आहे राव! लॉरेन्स मुळात एआयवर रिसर्च करणारा शास्त्रज्ञ, पण वाक्यं अशी लिहितो की थांबून परत वाचावं लागतं. आणि हे जग नेमकं कुठलं आहे हे हळूहळू लक्षात येत जातं ती गंमत मी घालवत नाही.

पण माझ्या परीक्षेत हे अर्धंच पास. सुरुवातीलाच गाव उद्ध्वस्त झालंय, मरायला टेकलेल्या एका शेतकऱ्याशी जॉर्ग गप्पा मारतो, तिथे मी सावरून बसले, म्हटलं आता हा माणूस दिसणार. पान उलटलं, गेला. गावातल्या बायकांचं जे झालं ते दोन ओळीत. पुढेही मेलेले म्हणजे जॉर्ग किती डेंजर आहे हे सांगायला लावलेले बोर्ड. तो स्वतः बोलतोय, त्याला बाकीची माणसं दिसतच नाहीत, हे लेखकाने मुद्दाम केलंय असं म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य आहे, तरी चौदा वर्षांच्या पोराने प्रत्येक वेळी मोठ्यांना मात द्यायची, प्रत्येक वेळी शेवटचा डायलॉग त्याचाच, मग नंतर नंतर त्याच्या क्रूरपणाचं काही वाटेनासं होतं. दुसऱ्या भागात, 'किंग ऑफ थॉर्न्स'मध्ये, तो जरा मोठा झालाय आणि केलेल्या गोष्टी मागे लागल्यात, तो भाग जास्त चांगला आहे. पहिल्यावरच सोडलंत तर समजू शकते.

आणि ही परीक्षा मी मोठी नवीन शोधलीय अशातला भाग नाही. खांडेकरांच्या 'ययाती'त काय आहे, १९५९ सालचं पुस्तक, फँटसी नसेल पण मुलाचं तारुण्य मागून घेणारा बाप आहे त्यात, आणि तो एकटाच आपली बाजू मांडत बसत नाही, देवयानीही बोलते, शर्मिष्ठाही बोलते. ययातीची बाजू ऐकून जरा पाघळलो की ह्या दोघींपैकी कुणीतरी येऊन आपल्याला जमिनीवर आणतं.

तिसरं आणि मला सगळ्यात जड गेलेलं, सेथ डिकिन्सनचं 'द ट्रेटर बरू कॉर्मोरंट', २०१५. ह्यात जादूच नाही, आधीच सांगते, नंतर मला शिव्या घालू नका. बरू ही टारानोके बेटावरची मुलगी, आई आणि दोन वडील असलेल्या घरातली. फॅलक्रेस्टचं साम्राज्य तिथे येतं ते व्यापार करायला, कागदी नोटा घेऊन, मग रोग येतो, मग शाळा येते, मग असल्या घरांना आणि असल्या प्रेमाला गुन्हा ठरवलं जातं, आणि तिचा एक बाप नाहीसा होतो. बरू त्याच शाळेत पहिली येते. ठरवते की साम्राज्याला आतून फोडायचं, वर चढायचं, इतकं वर की आपलं बेट सोडवता येईल. तिला स्वतःला बायका आवडतात, म्हणजे ज्यांची नोकरी करतेय त्यांच्या कायद्याने ती स्वतःच गुन्हेगार. अठराव्या वर्षी तिला ऑर्डविन नावाच्या बंडखोर प्रांतात अकाउंटंट म्हणून पाठवतात. हो, अकाउंटंट!

मला वाटलं झोप येणार. उलट जी बाई हिशेबाच्या वह्या चाळून बंड हुडकून काढते ती तलवारवाल्यांपेक्षा कितीतरी भीतीदायक आहे. ह्या बंडाला पैसा कुठून येतोय हे तिला आकड्यांत दिसतं, आणि ती काय करते तर नोटांचा इतका पूर सोडते की त्या चलनाची किंमतच उडते. कुणाला हात लावला नाही, एक थेंब रक्त नाही, आणि अख्खा प्रांत कंगाल. बंड थांबलं खरं, पण ज्या घरात त्या नोटा साठवलेल्या होत्या त्यांचं काय? बरूला ते दिसतं, ती त्याची मनात नोंद करते आणि पुढे जाते, कारण तिच्याकडे मोठं कारण आहे ना, बेट सोडवायचंय ना. ह्या 'ना'वर अख्खं पुस्तक उभं आहे. आणि समोर टेन हू नावाची सरदारीण आहे, इतकी जिवंत, इतकी सरळ, की तिच्या प्रत्येक सीनला माझ्या पोटात गोळा यायचा. शेवट सांगत नाही. शीर्षकातच 'ट्रेटर' लिहिलंय, पहिल्या पानापासून माहीत आहे की ही दगा देणार, आणि तरीही शेवटची तीसेक पानं मी उभ्याने वाचली.

मधे सरदारांची नावं इतकी येतात की गोंधळ होतो, कागदावर लिहून काढा, मी काढली होती.

बाकीच्यांचं पटकन. मूरकॉकचा एल्रिक हा ह्या सगळ्यांचा आजोबा, १९६१ मध्ये पहिली गोष्ट आली, अशक्त राजा आणि आत्मे पिणारी तलवार, कल्पना भन्नाट पण आज वाचताना जरा नाटकी वाटतं. ग्लेन कुकचं 'द ब्लॅक कंपनी' (१९८४) मला फार आवडलं, भाड्याचे सैनिक दुष्टांच्या बाजूने लढतायत आणि फावल्या वेळात पत्ते कुटतायत, सांगणारा त्यांचा डॉक्टर, आणि तो काय काय लिहायचं टाळतो तिकडे लक्ष ठेवा. मग्वायरचं 'विकेड' १९९५ चं, 'विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या दुष्ट चेटकिणीची बाजू सांगणारं, ते वर म्हटलं त्या 'बिचारा व्हिलन' गटातलं, सगळा गैरसमजच होता म्हणणारं, पण निदान गैरसमज कुणी आणि का पसरवला हे तरी नीट सांगतं. आर. एफ. क्वांगचं 'द पॉपी वॉर' (२०१८) अर्धं शाळेची गोष्ट आणि अर्धं युद्धातला नरसंहार, तो भाग रात्री एकटीने वाचू नये, आणि त्यातली नायिका रिन शेवटी जे करते त्यानंतर तिला माफ करायचं का हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कुठून सुरू करायचं विचाराल तर ग्लोक्टापासून. आधी त्याचा र्‍यूजवाला एकच चॅप्टर वाचा, दमलात तर सोडा, पुढे सगळं ह्याच चालीचं आहे. फर्स्ट लॉला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या सफरीचा कापला. जॉर्गला तीन, भाषेसाठी. बरूला पाच, पण कुणाला भेट म्हणून देणार नाही. तिचा दुसरा भाग, २०१८ चा 'द मॉन्स्टर', सध्या अर्ध्यावर आहे, फार पसरलाय, नवीन माणसं येतच राहतात, माझा नावांचा कागद भरला म्हणून मागच्या बाजूला लिहायला घेतलंय, आणि टेन हूच्या नावापुढे मी पहिल्या भागात काहीतरी खरडून ठेवलं होतं ते आता खोडावंसं वाटत नाहीये.