कचेरीजवळचा टायपिंगवाला मामा : ग्रामपंचायत मेंबरविरुद्ध तक्रार करायची असेल तर आधी इथं जावा

साडेतीन स्टार देतोय. दीड का कापला ते पुढं येईलच, आधी काम काय होतं ते सांगतो.

गाव आमचं करवीर तालुक्यातलं, नाव लिहीत नाही कारण प्रकरण अजून चालू आहे. आमच्या तात्यांनी ग्रामसभेत गटारीच्या कामाचं बिल विचारलं तर एका मेंबरनं उठून भर सभेत त्यांना आईवरनं शिवी दिली. गटार पहिल्याच पावसात खचली ती वेगळीच. घरात सगळे पेटलेले, मी आणि दाजींनी रात्री बसून चार पानी अर्ज खरडला, वर मुख्यमंत्री, पालकमंत्री, कलेक्टर, एसपी, बीडीओ अशी सगळी लाईन लावली आणि सकाळी कोल्हापुरात टायपिंगला गेलो.

मामांचं म्हणजे दुकान बिकान काय नाही, छत्रीखाली टेबल, जुना कॉम्प्युटर, त्याहून जुना प्रिंटर आणि गिऱ्हाईकाला एक स्टूल. पण माणसानं चारही पानं वाचली. इतर ठिकाणी कागद हातात घेतात आणि "किती कॉप्या?" एवढंच विचारतात. मामा म्हणाले, "सगळ्यास्नी पाठवलं म्हंजे कुणालाच पाठवलं न्हाई पावनं. ह्यो वर जाणार आनि वरनं परत खालीच येणार, 'योग्य कार्यवाहीस्तव'. आनि शिवी येगळी, गटार येगळी. दोन्ही एका पोत्यात का भरलंय?"

मग चहा सांगितला (पैसे आमचेच) आणि समजावलं. आमदार-खासदारांवर बघायला सभागृहाच्या समित्या असतात, लोकसभेला तर एथिक्स कमिटीच आहे, तसलं गावच्या मेंबरला काही नाही. जे आहे ते 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात. गैरवर्तन, लज्जास्पद वर्तन, कामात हयगय हे सगळं कलम 39 मध्ये येतं, त्यात झेडपीचे सीईओ चौकशी करतात किंवा करवून घेतात, मेंबरला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकतात आणि पदावरनं काढायचं की नाही ते विभागीय आयुक्त ठरवतात, म्हणजे आपल्याला पुणे. कामाच्या ठेक्यात मेंबरचा स्वतःचा हिस्सा असेल तर ते कलम 14, ती अपात्रता, ते कलेक्टर ठरवतात आणि अपील झालं तरच पुण्याला जातं. आणि थेट लाच मागितली असेल तर ह्यातलं काहीच नाही, सरळ 1064 ला फोन लावायचा, ते अँटी करप्शनचं काम. आमच्यात लाच नव्हती. म्हणजे दोन अर्ज, दोन दारं, शिवीचा कलम 39 खाली आणि गटारीच्या ठेक्याचा कलम 14 खाली. एवढं साधं आम्हाला गावात कुणी सांगितलं नव्हतं, आणि दाजी बारावीला राज्यशास्त्र घेतलेला माणूस आहे.

पण अर्ज लगेच टाईप करून दिला नाही हे मला सगळ्यात आवडलं. म्हणाले आधी कागद आणा. माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून अर्ज, तो पण दीडशे शब्दांत, कारण महाराष्ट्रात तशी मर्यादा आहे आणि लांबण लावली की तेवढंच निमित्त मिळतं. मागायचं काय तेही त्यांनीच सांगितलं. ठराव, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका, बिलं, चेक कुणाच्या नावानं निघाला ते आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पाटी बदलली, कपाट तेच. तीस दिवस गेले, उत्तर नाही. मग वीस रुपयांचं स्टँप लावून पहिलं अपील. तेव्हा कुठं कागद मिळाले, पानाला दोन रुपये भरून.

प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलं होतं सांगू? "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली." तात्यांनी ते स्वतः मोठ्यानं वाचलं आणि मग दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नशिबानं एका पोरानं मोबाईलवर शूटिंग केलेलं.

ठेक्याचं बिल मेंबरच्या भावाच्या नावावर. आम्हाला वाटलं झालं, सापडला. मामा म्हणाले, भाऊ हाय म्हणून मेंबर अपात्र होतोयच असं न्हाई, पैशात मेंबरचा वाटा दाखवा. 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच बाईंना अपात्र केलेलं सुप्रीम कोर्टानं रद्द केलं होतं, निवडून आलेल्या माणसाला इतक्या सहज काढता येणार नाही म्हणून, हे त्यांच्याकडनंच कळलं. मग शोधाशोध केली तेव्हा दिसलं की सिमेंट-खडीचा चेक ज्या फर्मला गेला त्या फर्मचा भागीदार मेंबर स्वतः. आता अर्जाला वजन आलं. शपथपत्रासाठी दाजी पाचशेचा स्टँपपेपर घ्यायला निघाले होते, मामांनी हाताला धरून बसवलं, सरकारी कचेरीत द्यायच्या शपथपत्राला तो लागत नाही म्हणे. पाचशे वाचले, त्यातनं मिसळ झाली. वर असंही सांगून ठेवलं की उद्या हायकोर्टात जायची पाळी आलीच तर आता मुंबई नको, 18 ऑगस्ट 2025 पासनं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआर हॉस्पिटलसमोर.

आता स्टार का कापले. एक, मामा अजून जुन्या फाँटमध्ये टाईप करतात. प्रिंट एकदम झकास येते पण तीच फाईल आम्ही आपले सरकार पोर्टलवर पेस्ट केली तर नुसता इंग्लिश अक्षरांचा चिवडा, शेवटी माझ्या बहिणीनं सगळं मोबाईलवर परत टाईप केलं, रात्री दीडपर्यंत. जीपे पण नाही, सुट्टे घेऊन जावा. ह्याचा एक गेला.

उरलेला अर्धा असा. सुनावणीची नोटीस आल्यावर झेरॉक्स काढायला गेलो तर स्टुलावर आमचा मेंबर बसलेला, खुलासा टाईप करून घेत. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं, तात्या चहाच्या गाडीकडं. मामांचं टक टक चालूच. मेंबर गेल्यावर मी जरा चढ्या आवाजात विचारलं, मामा हे काय? तर म्हणाले, "तुमचं त्याला सांगितलं न्हाई आनि त्याचं तुमाला सांगणार न्हाई. पानाला चाळीस, दोघालाबी." मला अजून ते पटलेलं नाही. दाजी म्हणतात बरोबरच आहे त्यांचं, वकील तरी दोन्हीकडनं बसतो का म्हणालो तर म्हणाले टायपिंगवाला वकील नव्हे. असो, अर्धा स्टार मी कापलाच.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जाऊ नका, लोकशाही दिनाची (त्या दिवशी कलेक्टर लोकांच्या तक्रारी ऐकतात) गर्दी असते आणि त्याचा अर्ज तर पंधरा दिवस आधीच द्यायला लागतो, त्या दिवशी धावत येऊन काही होत नाही. बाकी दिवशी अकराच्या आत गेलात तर स्टूल रिकामं मिळतं.